फ्रेंच नावे कशी उच्चारावीत?
जरी, चामडे, अत्तर व कापडाच्या धंद्यातील बांधवांसाठी एक धडा

मदनपुरा, धारावी, गोवंडी किंवा कुर्ल्याच्या एखाद्या जरीच्या कारखान्यात जाऊन पाहावे. अड्ड्यावर कापड ताणलेले असते, दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसलेले असतात आणि आरीची सुई खालीवर चालू असते. एकेका कपड्यावर पंधरा-पंधरा दिवस काम चालते. परदेशी ऑर्डरचे काम असेल तर ते निर्यातदाराकडे जाते आणि तेथून समुद्रापार. शेवटी त्यावर ज्या पेढीचे नाव लागते ते नाव आपल्या कारागिराला वाचता येत नाही आणि वाचले तरी उच्चारता येत नाही.

याचा तोटा काय, असे कोणी विचारील. तोटा असा की गिऱ्हाईक समोर आले की आपला माणूस गप्प बसतो. नाव चुकेल, लोक हसतील या भीतीने तो बोलण्याचे काम दलालावर सोपवतो. बोलणे एकदा दलालाच्या हाती गेले की भावही त्याच्या हाती जातो. आपल्याकडे म्हणच आहे की, बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. आपल्या गव्हाची ही गत होऊ नये एवढ्यासाठी हा धडा आहे.

हे काम वाटते तितके अवघड नाही. मराठी बोलणाऱ्याला, त्यातही थोडीफार उर्दू जाणणाऱ्याला आणि लहानपणी मकतबमध्ये मखरज शिकलेल्याला फ्रेंच उच्चार इंग्रजी माणसापेक्षा लवकर साधतात. कसे ते आता पाहू.

आधी तीन खुणा लक्षात घ्या

फ्रेंच ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी आपण या लेखात तीन खुणा वापरणार आहोत.

पहिली खूण, नाकातील स्वर. 'आँ', 'ओँ' आणि 'ॲं' असे लिहिले असेल तेथे स्वर नाकातून काढावयाचा, पण शेवटी 'न' किंवा 'म' उच्चारावयाचा नाही. उर्दूतील नून-ए-गुन्ना हाच तो ध्वनी होय. 'जहाँ' म्हणताना आपण 'जहान' म्हणत नाही, तसेच येथे समजावे. कोकणातल्या बांधवांच्या बोलीत असे नाकातले स्वर आजही रोज ऐकू येतात. तेव्हा त्यांना तर हे घरचेच काम आहे.

दुसरी खूण, 'झ़'. झ खाली नुक्ता. हा मराठी 'झाड' मधला झ नव्हे, की 'जहाज' मधला ज नव्हे. फारसी-उर्दूत तीन नुक्त्यांचे 'झ़े' हे अक्षर आहे. 'मिझ़गाँ' म्हणजे पापण्या, या शब्दात ते येते. जीभ 'श' साठी ठेवतो तशीच ठेवावी आणि घशातून आवाज सोडावा, म्हणजे झ़ निघतो.

तिसरी खूण, 'ज़'. नुक्त्याचा हा ज म्हणजे 'बाज़ार' मधला ज़. तो सर्वांना येतोच.

आता 'र' विषयी. फ्रेंच लोक 'र' जिभेच्या टोकाने काढीत नाहीत, घशाजवळून काढतात. तो ग़ैनच्या अगदी जवळचा ध्वनी आहे. प, त, क यांना लागून आला तर तो ख़ेकडे झुकतो. पॅरिसचा माणूस आपल्या शहराला 'पारी' म्हणतो तेव्हा मधला र आपल्या कानाला ग़ैनसारखा वाटतो, तो यामुळेच. ज्याला ग़ैन नीट काढता येतो त्याने तसा काढावा. ज्याला जमत नाही त्याने साधा 'र' म्हटला तरी समोरचा बरोबर समजतो. म्हणून लेखात आपण 'र' च लिहू.

ट नको, त म्हणा

हा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते. फ्रेंच भाषेत आपला 'ट' आणि 'ड' नाही. त्यांचा त आणि द दातांना जीभ लावून निघतो, अगदी मराठी 'तेल' आणि 'दार' यांसारखा. ही नावे इंग्रजीतून आपल्याकडे आली म्हणून आपण ती ट-ड ने म्हणू लागलो. 'कार्टियर' नव्हे, कार्त्ये. 'डिऑर' नव्हे, द्योर. 'बुटिक' नव्हे, बुतीक. आपल्या जिभेवर असलेला शुद्ध त आणि द टाकून देऊन आपण उसना ट-ड घेतला, असाच हा प्रकार आहे.

तसेच प, त, क हे वर्ण फ्रेंच माणूस हवा न सोडता उच्चारतो. इंग्रज माणसाचा 'प' फ सारखा फुगतो, आपला फुगत नाही. येथेही आपली जीभ फ्रेंचांच्या जवळ आहे.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर मोठा जोर देतात. फ्रेंचमध्ये सर्व भाग सारख्या वजनाने बोलतात आणि शेवटचा भाग किंचित लांबवतात. 'शा-नेल' म्हणताना दोन्ही अक्षरे सारखी म्हणावीत.

शेवटची अक्षरे बहुधा मुकी असतात

फ्रेंच शब्दाच्या शेवटी डी, पी, एस, टी, एक्स, झेड ही अक्षरे लिहिलेली असली तरी बहुधा उच्चारीत नाहीत. मालेगाव, भिवंडी आणि सोलापूरच्या विणकरांना 'जकार्ड' चांगला ठाऊक आहे. हे फ्रान्सच्या ल्योँ शहरातील एका माणसाचे नाव आहे. झ़ोझ़ेफ मारी झ़ाकार याने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा हा माग तयार केला. त्याच्या नावाच्या शेवटी डी आहे, पण तो मुका. तेव्हा मूळ उच्चार 'झ़ाकार'. आपल्या कारखान्यात जकार्डच म्हणावे, त्यात काही बिघडत नाही. पण ल्योँचा व्यापारी 'झ़ाकार' म्हणाला तर तो आपल्याच मागाविषयी बोलत आहे हे ओळखता आले पाहिजे.

उलट शेवटी 'ई' हे अक्षर असेल तर ई स्वतः मुका राहतो, पण त्याच्या आधीचे व्यंजन बोलके होते. म्हणून टेनिसपटू रने लाकोस्त याने १९३३ मध्ये सुरू केलेल्या पेढीचे नाव 'लाकोस्त', त्यातील त स्पष्ट ऐकू येतो.

शेवटी 'ई-आर' असेल तर बहुधा 'ए' असा उच्चार होतो. कार्त्ये हे त्याचे उदाहरण. कारागिराच्या कामाच्या जागेला फ्रेंचमध्ये 'आतल्ये' म्हणतात, तेथेही हाच नियम.

सुरुवातीचा 'एच' नेहमी मुका. यावरून सर्वांत जास्त चुकणारे नाव घेऊ. १८३७ मध्ये तियेरी एर्मेस याने पॅरिसमध्ये घोड्यांच्या लगामा-सरंजामाचा कारखाना काढला. आज ती पेढी जगातील सर्वांत महाग चामडी पिशव्या विकते. आपल्याकडे कोणी 'हर्मीस' म्हणतो, कोणी 'हर्म्स'. उच्चार आहे 'एर्मेस'. येथे शेवटचा एस बोलावयाचा. नियमाला हा अपवाद आहे आणि तो पाठच करावा लागतो, कारण माणसांची नावे सगळीकडेच नियम मोडतात.

अक्षरांच्या जोड्या

फ्रेंचमध्ये दोन-तीन अक्षरे मिळून एक ध्वनी होतो. धंद्यात लागणाऱ्या जोड्या एवढ्याच:

सी-एच म्हणजे 'श'. शानेल. 'चॅनेल' म्हणू नये, तो दूरदर्शनचा. अपवाद 'क्लोए', तेथे सी-एच म्हणजे क, कारण नाव ग्रीक आहे.

ओ-यू म्हणजे 'ऊ'. बुतीक, कुत्युर.

ए-यू आणि ई-ए-यू म्हणजे 'ओ'. पाण्याला फ्रेंचमध्ये नुसता 'ओ' म्हणतात आणि लिहितात मात्र तीन अक्षरे.

ओ-आय म्हणजे 'वा'. रेशमाला 'स्वा' म्हणतात.

ए-आय म्हणजे 'ए'. लोकरीला 'लेन' म्हणतात.

जी-एन म्हणजे 'न्य'. कोलोन्य.

ए-एन आणि ई-एन म्हणजे 'आँ'. ओ-एन म्हणजे 'ओँ'. आय-एन आणि ए-आय-एन म्हणजे 'ॲं'.

जे हे अक्षर, आणि ई किंवा आय च्या आधीचे जी, म्हणजे 'झ़'.

दोन स्वरांच्या मध्ये एकटा एस आला तर 'ज़'. पेढीला किंवा घराण्याला 'मेज़ोँ' म्हणतात.

राहिला एकटा यू. हा ध्वनी मराठीत नाही, उर्दूतही नाही. तोंडात 'ई' धरावी आणि ओठ मात्र 'ऊ' साठी करतो तसे गोल करावेत. आपण तो येथे 'यु' असा लिहितो. 'कुत्युर' मधला दुसरा स्वर हाच. आरशासमोर पाच मिनिटे बसले की जमतो.

पेढ्यांची नावे

आता हे नियम लावून नावे वाचू. प्रत्येक नाव तीन वेळा मोठ्याने म्हणावे.

लुई व्ह्वितोँ. १८५४ मध्ये प्रवासाच्या पेट्या बनविणारा कारागीर. 'लुईस' नव्हे, एस मुका. 'वुइटन' नव्हे, शेवटी न नाही.

क्रिस्त्याँ द्योर. १९४६ मध्ये पेढी काढली आणि फेब्रुवारी १९४७ च्या पहिल्याच प्रदर्शनाने नाव झाले.

ईव्ह सॅं लोराँ. जन्म १९३६, अल्जीरियातील ओराँ शहरात. १९६१ मध्ये स्वतःची पेढी. 'येव्हज सेंट लॉरेंट' असे वाचणे म्हणजे तिन्ही शब्द चुकविणे होय.

झ़िव्हाँशी. पेढी १९५२ ची. 'गिव्हेंची' नव्हे.

लाँव्हॅं. झ़ान लाँव्हॅं या बाईंनी १८८९ मध्ये सुरू केलेली.

बाल्मॅं. पेढी १९४५ ची. 'बालमेन' नव्हे.

पियेर कार्दॅं. आपल्याकडे शर्ट आणि पेनांमुळे ओळखीचे नाव. हा १९२२ मध्ये इटलीत जन्मला आणि २०२० मध्ये वारला. 'पियरे कार्डिन' नव्हे.

क्रिस्त्याँ लुबुतॅं. लाल तळव्याच्या बुटांचा. पहिले दुकान १९९१, पॅरिस.

लोँशाँ. पिशव्यांची पेढी, १९४८ ची. शेवटचे पी मुके.

सेलीन. १९४५ ची. २०१८ मध्ये या पेढीने आपल्या नावातील ई वरची तिरपी रेघ काढून टाकली, पण उच्चार बदलला नाही.

रोशा. शेवटचा एस मुका.

बालेन्सियागा हे नाव मात्र फ्रेंच नव्हे. क्रिस्तोबाल बालेन्सियागा हा स्पेनच्या बास्क मुलखातला, १९३७ मध्ये पॅरिसला आला. म्हणून त्याच्या नावाला फ्रेंच नियम लावू नयेत, जसे दिसते तसे वाचावे.

आणि एक नाव असे की जे फ्रेंचांपेक्षा आपल्याला चांगले म्हणता येते. अज़्दीन अलाया. हा १९३५ मध्ये ट्युनिस येथे जन्मला, १९५७ मध्ये पॅरिसला गेला आणि २०१७ मध्ये तेथेच वारला. शरीराला बेतून कपडा बसविण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी होता. नाव मूळचे 'इज़्ज़ुद्दीन', फ्रेंच लिपीत जाऊन ते 'अज़्दीन' झाले. आडनावातील आय वर दोन टिंबे असतात. त्यांचा अर्थ, शेजारच्या अक्षराशी जोडी न करता हे अक्षर वेगळे वाचा.

जरी-भरतकामाचे शब्द

भरतकामाला 'ब्रोद्री' म्हणतात. टिकली किंवा सिताऱ्याला 'पायेत'. मोत्याला 'पेर्ल'. सोन्याच्या तारेला 'फील दोर'. गुंडाळलेल्या पोकळ तारेला, जिच्या जातीला आपण सलमा किंवा डबका म्हणतो, 'कान्तीय' म्हणतात. हे पाच शब्द ऐकून ओळखता आले तर नमुना समजून घेताना निम्म्या चुका टळतात. टिकली सांगितली असताना मोती लावून पाठविला तर माल परत येतो आणि मजुरी बुडते ती कारागिराचीच.

आरीच्या कामाचे एक भावंड फ्रान्समध्ये आहे. लुनेव्हिल नावाच्या गावावरून तेथील आकडीला 'क्रोशे द लुनेव्हिल' म्हणतात. ताणलेल्या कापडावर आकडीने साखळी टाका घालणे, ही रीत आपल्या आरीसारखीच आहे. मात्र त्यांचा कारागीर कापडाच्या उलट्या बाजूने मोती-टिकल्या लावतो. पॅरिसमधील भरतकामाचे नामांकित घराणे १९२४ पासून 'लसाझ़' या नावाने चालत आले आणि २००२ मध्ये शानेलने ते विकत घेतले. येथे दोन स्वरांमधला एस असूनही 'लज़ाझ़' होत नाही, कारण हे नाव 'ल' आणि 'साझ़' असे दोन शब्द मिळून झाले आहे.

आपल्या शहराचाही यात वाटा आहे. ३० मार्च २०२३ रोजी द्योरने आपले प्रदर्शन मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर भरविले. त्यावेळी कपड्यांवरचे भरतकाम आणि दरवाजावरचे भव्य तोरण मुंबईच्याच कारागिरांच्या हातचे होते. त्या रात्री साऱ्या जगाने पाहिलेले काम आपल्या अड्ड्यांवरचे होते, हे विसरू नये.

कापड आणि चामड्याचे शब्द

कापडवाल्यांसाठी एक इशारा. आपण ज्याला शिफॉन म्हणतो त्याला फ्रेंच व्यापारी 'शिफोँ' म्हणत नाहीत. फ्रेंचमध्ये शिफोँ म्हणजे चिंधी, फडके. पॅरिसच्या माणसाला 'शिफोँ' दाखवतो म्हटले तर तो गोंधळेल. त्या कापडाला तेथे 'मूसलीन द स्वा', म्हणजे रेशमी मलमल म्हणतात. हा 'मूसलीन' शब्द इराकच्या मोसुल शहराच्या नावावरून आला.

असे आणखी शब्द आहेत, आणि येथे आपल्या वाचकांना आनंद वाटेल. तफ्त्याला फ्रेंचमध्ये लिहिताना शेवटी एस लावतात, पण तो मुका असल्याने उच्चार होतो 'ताफ्ता', म्हणजे फारसीतला मूळ शब्दच. कापसाला 'कोतोँ' म्हणतात, तो अरबी 'क़ुत्न'. बायकांच्या घागऱ्याला 'झ़्युप' म्हणतात, तो अरबी 'जुब्बा'. दुकानाला 'मागाज़ॅं' म्हणतात, तो 'मख़ाज़िन', म्हणजे मख़ज़न अथवा गोदाम याचे अनेकवचन. जकात खात्याला 'दुआन' म्हणतात, त्याच्या मुळाशी आपला 'दीवान' आहे. दरपत्रकाला 'तारिफ' म्हणतात, त्याचेही मूळ अरबी.

चामड्याच्या धंद्याला फ्रेंचमध्ये 'मारोकिनरी' म्हणतात, कारण उत्तम बकऱ्याचे चामडे मोरोक्कोहून येई. मोच्याला 'कोर्दोन्ये' म्हणतात, कारण स्पेनच्या कुर्तुबा शहरातले चामडे मध्ययुगात युरोपभर नावाजलेले होते. धारावीत पिशव्या शिवणाऱ्या बांधवाने हे दोन शब्द अवश्य ध्यानात ठेवावेत. ज्या हुनराला आज युरोपातले लोक आपले म्हणतात, त्याची नावेच सांगतात की तो कोणाकडून शिकला गेला.

अत्तरवाल्यांसाठी

मोहम्मद अली रोडवरील दुकानांतून अत्तराबरोबर परदेशी सुगंधाच्या बाटल्याही विकल्या जातात. बाटलीवरच्या शब्दांवरून अर्काचे प्रमाण ठरते, म्हणून ते नीट कळले पाहिजेत. सर्वांत दाट तो 'पार्फॅं'. त्याखालोखाल 'ओ द पार्फॅं'. त्याहून हलका 'ओ द त्वालेत'. सर्वांत हलका 'ओ द कोलोन्य'. साधारणतः ओ द पार्फॅं मध्ये सुगंधी अर्क शेकडा १५ ते २० असतो, ओ द त्वालेत मध्ये ५ ते १५, आणि कोलोन्यमध्ये २ ते ५. प्रत्येक पेढीचे प्रमाण थोडे निराळे असते. 'त्वालेत' हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये. येथे त्याचा अर्थ साजशृंगार, प्रसाधन असा आहे.

सुगंधाच्या पेढ्यांची नावे अशी: गेर्लॅं, १८२८ ची. लाँकोम, १९३५ ची. लोरेआल, १९०९ ची. बूर्झ़्वा, जेथे ओ-आय चे 'वा' झाले आणि शेवटचा एस मुका राहिला. गेर्लॅंने १९२५ मध्ये जो सुगंध बाजारात आणला तो अजून खपतो. त्याचे नाव 'शालिमार', शाहजहानच्या बागेवरून ठेवलेले. हे नाव उच्चारण्यास आपल्याला कोणी शिकवावयास नको.

पाटीवर काय लिहावे, काय लिहू नये

आता थोडे सावधगिरीचे. 'ओत कुत्युर' म्हणजे उंची दर्जाचे मापानुसार शिवणकाम. १९४५ पासून फ्रान्समध्ये या शब्दाला कायद्याचे संरक्षण आहे. तेथे सरकारी समितीच्या यादीत नाव आल्याशिवाय कोणत्याही शिंप्याला तो आपल्या पाटीवर लावता येत नाही. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, पण फ्रेंच गिऱ्हाइकासमोर आपण तो शब्द सहज मिरवला तर हसे होते. तयार कपड्यांचे काम करणाऱ्याने 'प्रेतापोर्ते' म्हणावे. अर्थ, घालण्यास तयार. यात मधला 'त' पुढच्या 'आ' ला जोडून बोलतात, एरवी तो मुका असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नाव घेता येणे वेगळे आणि दुसऱ्याचे नाव आपल्या मालावर लावणे वेगळे. व्ह्वितोँ किंवा शानेलची खोटी पट्टी शिवून विकणे हा फसवणुकीचा व्यवहार आहे. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ प्रमाणे त्यासाठी किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धाड पडते तेव्हा मागणी देणारा क्वचितच सापडतो. सापडतो तो शिवणारा. ज्याच्या हातात इतका हुनर आहे त्याने उसन्या नावावर जगण्याचे कारण नाही.

गिऱ्हाइकाशी अदब

नावे बरोबर येऊ लागली म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. आपल्या गिऱ्हाइकाने 'हर्मीस' म्हटले तर त्याला चारचौघांत दुरुस्त करू नये. आपण बोलताना सहजपणे 'एर्मेस' म्हणावे, तो समजून घेईल. इंग्रज आणि अमेरिकन खरेदीदारही ही नावे आपापल्या तऱ्हेने बोलतात. त्यांच्याशी बोलताना ते म्हणतील तसे चालवून घ्यावे. शब्द कळणे हा हेतू आहे, कोणाला खाली पाहावयास लावणे नव्हे.

सरावासाठी मोबाईलवर या पेढ्यांची स्वतःची चित्रफीत लावून नाव कसे घेतात ते ऐकावे. घरात कोणी मुलगा-मुलगी शाळा-कॉलेजात फ्रेंच शिकत असेल तर रोज पाच शब्द त्यांच्याकडून वदवून घ्यावेत. मुलांकडून शिकण्यात कमीपणा नाही. मुंबई आणि पुणे येथे आल्याँस फ्राँसेज़ या संस्थेचे फ्रेंचचे वर्ग चालतात. कारखान्यातील एखाद्या तरुणाला तेथे पाठविता आले तर तो खर्च नव्हे, भांडवल समजावे.

स्वाध्याय

खालील शब्दांची अक्षरे दिली आहेत. उत्तरे झाकून उच्चार काढून पाहा.

१) बी-ओ-यू-टी-ओ-एन (गुंडी)
२) जी-ए-एन-टी (हातमोजा)
३) एम-ए-एन-टी-ई-ए-यू (कोट)
४) सी-एच-ए-पी-ई-ए-यू (टोपी)
५) सी-ई-आय-एन-टी-यू-आर-ई (कमरपट्टा)
६) व्ही-ई-एल-ओ-यू-आर-एस (मखमल)
७) बी-ओ-यू-सी-एच-ई-आर-ओ-एन (दागिन्यांची पेढी, १८५८)

उत्तरे: १) बुतोँ २) गाँ ३) माँतो ४) शापो ५) सॅंत्युर ६) व्हलूर ७) बुशरोँ.

सातपैकी पाच बरोबर आले तर धडा साधला असे समजा. पाच आले नाहीत तर 'अक्षरांच्या जोड्या' हा भाग कापून अड्ड्याजवळच्या भिंतीवर लावा आणि काम करता करता वाचत जा. पुढच्या वेळी खरेदीदार नमुना घेऊन कारखान्यात आला आणि त्याने पेढीचे नाव घेतले, तर दलालाच्या तोंडाकडे न पाहता आपणच विचारावे, "पायेत लावायची की पेर्ल?" मग मजुरीचे बोलणेही आपणच करावे.